सरांच्या शेजारची जागा

मुजावर सरांच्या इंग्रजीच्या वर्गात ‘विथ’ शिकायचं म्हणजे कुणाला तरी जागेवरून उठवायचं. वाक्यात जिचं नाव घ्याल तिनं उठून तुमच्या शेजारी उभं राहायचं, हा सरांचा नियम. मी ‘आय वर्क विथ सुनंदा’ म्हटलं, की शाहूपुरीतल्या साडीच्या दुकानात माझ्याबरोबर काम करणारी सुनंदा पाय चोळत उठायची. ‘‘नुसतं पाठ करून भागत न्हाय,’’ सर म्हणायचे. ‘‘मानूस शेजारी आला, की शब्द पक्का बसतोय.’’

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या सोप्यात आम्ही नोकरदार बायका संध्याकाळी जमायचो. सरांचं स्वतःचं वाक्य ठरलेलं, ‘आय लिव्ह विथ माय वाइफ.’ मग आतून रजियाचाची पिठाच्या हातांनी यायच्या. ‘‘भाकरी करपली तर तुमच्या ह्या पोरी खाणार हायत का?’’ असं ठसक्यात विचारत सरांच्या शेजारी उभ्या राहायच्या. एरवी तोंडानं फटकळ असलेले सर तेव्हा चक्क लाजायचे.

मागच्या वर्षी चाची गेल्या. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर वर्ग पुन्हा सुरू झाला. सरांनी तेच वाक्य म्हटलं, थोडे बाजूला सरकले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. आम्हीही तिकडंच बघत राहिलो. जरा वेळानं सरांनी समाधानानं मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मग हे रोजचंच झालं. नव्यानं आलेल्या बायका घाबरून यायच्या बंद झाल्या. भीती मलाही वाटायची, पण सरांना एकटं टाकणं जिवावर यायचं, म्हणून मी जात राहिले.

पुढं सर मोरीत घसरून पडले. त्यांची मुलगी शबाना सांगलीहून त्यांना कायमचं न्यायला आली, तेव्हा मी तिथंच होते. तिनं त्यांचे कपडे पिशवीत भरले, रिक्षाही बोलावली. सर खुर्चीवरून उठेनात.

‘‘अब्बा, हट्ट करू नका,’’ ती शेवटी रडतच म्हणाली. ‘‘अम्मी न्हाय आता ह्या घरात.’’

‘‘मला म्हाईत हाय की, पोरी,’’ सर अगदी शांतपणे म्हणाले. ‘‘पन तिला कोन सांगनार?’’

शबानानं डोळे पुसले. मग तिनं रिक्षा परत पाठवली, पिशवी उघडली आणि अब्बांचे सदरे एकेक करून पुन्हा कपाटात ठेवले.