नंदकिशोरच्या दोन बोटी

नंदकिशोर आणि मी अठरा वर्षं पुनावळ्याहून चाकणला कंपनीच्या एकाच बसने गेलो. तो टूलरूममध्ये, मी क्वालिटीत. त्याला स्वस्थ बसता यायचं नाही. सिग्नलला बस अडकली की हा उतरून पुढच्या चौकापर्यंत चालत जायचा, आणि तिथून परत चढायचा.

पन्नाशीत त्याला शिडाच्या बोटींचं वेड लागलं. पवना धरणावर रविवारी छोट्या होड्या चालवायला शिकवायचे, तिथे तो जाऊ लागला. एकट्याने जाऊ नये म्हणून पद्मावहिनीही गेल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. होडी त्यांना आधी जमली, हे तो कुणाला सांगायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी जेवताना त्याच्या छातीत कळ आली. वहिनींनी कुणाची वाट न बघता गाडी काढली आणि पिंपरीतलं हॉस्पिटल गाठलं. एक स्टेंट बसला. बरा झाल्यावर त्याने नोकरी सोडली आणि जाहीर केलं, "आता राहता येईल अशी बोट घ्यायची. किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळूरपर्यंत जायचं."

खूप शोधाशोध करून दोन जुन्या बोटी उरल्या. एक गोव्याला, सदतीस फुटी, पांढरीशुभ्र, वेगवान. दुसरी अलिबागजवळच्या खाडीत, बत्तीस फुटी, हिरवी, जाडजूड आणि संथ. मग सुरू झाला छळ. सकाळी फोन, "राव, मोठीच घेतो." दुपारी फोन, "लहान जास्त भक्कम आहे रे." त्याने एक तक्ता केला होता, त्यात एक्केचाळीस मुद्दे. रोज खोडून नव्याने लिहायचा. रोजची गोळी घ्यायला विसरायचा, पण तक्ता विसरायचा नाही. वजनही उतरलं.

शेवटी वहिनी वैतागल्या. "अहो, मला दोन्ही बोटींवर न्या. मग काय ते बोला."

नंदकिशोरला लांबचं ड्रायव्हिंग मना होतं, म्हणून दोन्ही वेळा गाडी मी चालवली.

गोव्यात वारा मस्त होता. बोट सांभाळणारा माणूस सोबत होता. शीड भरलं तशी ती अशी सुटली की नंदकिशोर लहान पोरासारखा ओरडला. मला वाटलं, झालं, ठरलं. तासाभराने वहिनी म्हणाल्या, "आता तुम्ही खाली केबिनमध्ये जाऊन पडा. तुम्हाला बरं वाटत नाहीये."

"मला काय झालंय?"

"काही नाही. झालंय असं समजा. बोट मी एकटी परत नेते. कुणी हात लावायचा नाही."

तो हसत खाली गेला. पण ते मोठं शीड उतरवायला डोलकाठीपाशी जावं लागे, आणि तिकडे गेलं की मागे सुकाणू मोकळं. वहिनी दोन्हीकडे धावत राहिल्या. बोट गरकन फिरली, दोर हातातून सुटला, तळहातांची सालटी निघाली. शेवटी त्या माणसाने पुढे होऊन सुकाणू धरलं.

किनाऱ्यावर नंदकिशोर भडकला. "परक्या माणसासमोर हा काय तमाशा? तुझ्या एकटीवर वेळ येईलच कशाला?"

वहिनी हाताला रुमाल गुंडाळत होत्या. "त्या दिवशी मला गाडी चालवता येत होती म्हणून आज तुम्ही भांडताय."

तो जाऊन गाडीत बसला. आंबोली घाट चढून आजऱ्याला चहाला थांबलो, तेव्हा वहिनींचा चहा त्यानेच बशीत ओतून दिला.

पंधरा दिवसांनी अलिबाग. तिथे आबाजी नावाचे, होड्यांवर जन्म काढलेले म्हातारे तांडेल बोटीची देखभाल करायचे. त्यांनी दाखवलं, आधीचा मालक एकटाच फिरायचा, म्हणून शिडाचे सगळे दोर त्याने सुकाणूपाशी आणून ठेवले होते. बोट रमतगमत निघाली. नंदकिशोर न सांगताच खाली गेला. मी त्याच्या समोर बसलो होतो. वर दोर करकरला की तो उठायचा, मी दंडाला धरून बसवायचो. अर्धा तास त्याने नखं खाल्ली.

वर वहिनींनी शीड उतरवलं, इंजिन सुरू केलं. बोट बांधायच्या तरंगत्या बोयाशी पहिल्यांदा पुढे निघून गेल्या, दुसऱ्यांदा अलीकडेच थांबल्या. नंदकिशोर दारापर्यंत गेला.

"पद्मा, मी येऊ?"

"नाही!"

तिसऱ्या खेपेला दोर बोयाच्या कडीत बरोबर अडकला. आबाजी आपल्या छोट्या होडीतून ओरडले, "जमला बाई, जमला!"

नंदकिशोर वर आला. बोयाचा दोर त्याने एकदा ओढून बघितला. मग तो आबाजींना म्हणाला, "हीच घेतो."

मोठी बोट कुणीतरी घेतल्याचं कळलं तेव्हा तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. गेल्या जानेवारीत दोघं रत्नागिरीपर्यंत जाऊन आले. वहिनींना पहिले दोन दिवस बोट लागली, तिसऱ्या दिवशी त्यांनी भर समुद्रात पिठलं केलं. मंगळूर अजून राहिलंय. परवा फोन आला, "राव, पुढचं शीड बदलायचंय. दोन प्रकारांत अडकलोय."

मी म्हणालो, "वहिनींना दे फोन."