बुरुजावरून दिसलेली आठवी पाकळी

आमचे मेव्हणे, म्हणजे हिचे धाकटे भाऊ, किल्ल्याच्या बागेत एकतीस वर्षं माळी. बागेच्या मधोमध आठ पाकळ्यांचं एक अवाढव्य फूल आहे, सगळं रोपांनी रेखलेलं. ते दरवर्षी आखायचं मेव्हण्यांनीच, आणि तेही पावलं मोजून! साहेबांनी टेप दिली तर म्हणायचे, "टेप हरवते, पाय कुठे हरवतात?"

आता गंमत ऐका. हे फूल पुरतं दिसतं ते फक्त किल्ल्याच्या बुरुजावरून, आणि मेव्हणे तिथे कधी चढलेच नव्हते! कामाच्या वेळी चिखलाच्या बुटांना आत मनाई, आणि सुट्टीच्या दिवशी कोण मरायला तिकडे जातो? निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा मीच म्हटलं, "चला, आज पाहुणे होऊन जाऊ."

"वाकडं निघालं तर, दाजी? लोक एकतीस वर्षं काय बघत होते मग?"

"निघालं तर निघालं. हसायला मी आहेच."

"त्याचीच तर धास्ती!"

तिकीट काढून आत गेलो. तलवारी, आरसे, राजाचा पलंग, मी आपला तोंडाचा आ करून बघतोय. मेव्हण्यांचं कशातच लक्ष नाही. दोनशे पायऱ्या चढताना माझ्या छातीचा भाता झाला. वर पोचलो तर हा गडी भिंतीला पाठ लावून, डोळे घट्ट मिटून उभा!

"आधी तुम्ही बघा. आणि खरं सांगा."

मी वाकून पाहिलं. अहाहा! लाल, पिवळं, जांभळं, जणू जमिनीवर गालिचा अंथरलाय! पण खरं सांगायचं कबूल केलेलं. "सात पाकळ्या अगदी जुळ्या बहिणी. कारंज्याकडची आठवी तेवढी आखूड."

मेव्हणे एका उडीत कठड्याशी. टक लावून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "गुडघा, दाजी! यंदा ती पाकळी मोजताना गुडघा धरला होता, लंगडत टाकली पावलं. म्हणजे बाकीच्या सरळ आहेत! सातही सरळ!"

मी काही बोलायच्या आत स्वारी जिना उतरून थेट वाफ्यात. खुंटी हातात घेऊन खालून ओरडले, "कुठवर वाढवू?"

मी हात हलवला, ते मागे सरकले. कठड्याशी उभ्या एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "अजून थोडं!" कोणी म्हणालं, "फार झालं, पुढे घ्या!" बघता बघता बुरुजावरचे झाडून सगळे पाहुणे हातवारे करायला लागले, आणि शेवटी एकच गिल्ला झाला, "बस्स! तिथेच!"

मेव्हण्यांनी तिथेच खुंटी ठोकली.