चौथ्या वळणावरचा गुलाब

“बारा मिनिटं! चौथ्या वळणावर तू बारा मिनिटं गाडी उभी केलीस, ऋतुजा, आणि वर मला सांगतीस थांबलेच न्हाय?”

“आत्या, तिथं थांबताच येत न्हाय! मागनं गाड्या सुसाट येत्यात. थांबले असते तर आज माझ्या फोटोला हार असता!”

“मग हा काटा शून्यावर का?”

“ते तुम्हीच सांगा की! काटा तुम्ही बसवलाय!”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात हे असं चाललं होतं. समोरच्या ओळीतल्या बायका झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होत्या. भांडण ऐकायला, दुसरं काय?

तुम्ही चहा घ्या आधी. ही फजिती गरम चहाबरोबरच सांगावी, गार झाल्यावर माझ्याच घशात अडकते.

ऋतुजा माझी सून. माहेर अकलूजचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ही पोरगी दहाव्या वर्षी उसाच्या फडात ट्रॅक्टर चालवायची, आता शर्यतीच्या ट्रॅकवर मोटार चालवते. ट्रॅक डे म्हणतात त्याला. पैसे भरायचे, आपलीच गाडी न्यायची आणि जीव खाऊन पळवायची. पोलीस नाही, म्हैस नाही, समोरून उलटा येणारा रिक्षावाला नाही! काचेला आतून कॅमेरा, आणि छताला काडेपेटीएवढी एक डबी. ती डबी वेग, ब्रेक, वळणावरचा झोक, गाडी कुठून कुठं गेली, सगळं टिपते. टेलिमेट्री त्याचं नाव. ते आकडे व्हिडिओवर चढवायचे, म्हणजे बघणाऱ्याला इकडं रस्ता दिसतो आणि तिकडं काटा पळताना दिसतो. आता आकडे नसलेला व्हिडिओ म्हणजे मुंडावळ्या नसलेली नवरी!

आणि हे चढवतं कोण? मी! सातवी शिकलेली. लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करून मी घर चालवलंय. नवरीचा चेहरा गुलाबात, नवरदेव बदामात, सासरा कोपऱ्यात. या गावात माझ्यासारखा गुलाब कुणी उमलवला असेल तर दाखवा. कुणी शिकवलं नाही, बटणं दाबत गेले आणि शिकले. मग गुलाब उमलवणाऱ्या बाईला काटा पळवता येणार नाही?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रविवारच्या ट्रॅक डेचा व्हिडिओ ऋतुजाच्या ट्रॅकवरच्या कोचला पाठवायचा होता.

भांडणात तिसरा होता माझा लेक, महेश. तो विम्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर अपघाताचे कागद वाचतो आणि संध्याकाळी घरात येऊन सगळ्यांकडं मयताकडं बघावं तसं बघतो. बायकोला ट्रॅकवर जाऊ देतो, कारण तिथं हेल्मेट, पट्टा, अँब्युलन्स सगळं असतं. आणि आई? माझी निळी स्कूटर, मिक्सिंगच्या कमाईतून घेतलेली, गियरची, तिची किल्ली त्यानं काढून घेतली होती. “वय बघ, गुडघे बघ. परत हात लावलास तर त्याच दिवशी भंगारवाल्याला देणार,” असा हुकूम. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाजसुद्धा घेऊन गेला होता! माझ्या स्कूटरला त्यानं रद्दीसारखं हलवून बघितलं. तेव्हापासून मी त्या माणसाला घरातला कागदाचा एक कपटासुद्धा विकलेला नाही.

तर, भांडण.

“बरं, थांबणं सोड,” मी म्हटलं. “सगळ्यात जास्त वेग किती? त्रेसष्ट! एवढा खर्च करून, डोक्यावर घागरीएवढं हेल्मेट घालून, त्रेसष्ट?”

“आत्या, सरळ पट्ट्यावर मी दीडशेच्या वर होते! झाडं बघा कशी मागं पळत्यात!”

“झाडांचं मला सांगू नको. मी लग्नात साध्या वरातीला घोडदौड करून दाखवलीय. चित्र फसवतं, आकडा फसवत न्हाय. त्रेसष्टनं तर माझी स्कूटर पळती!”

महेश भाकरीवर शेंगाचटणी घेत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “तुझी स्कूटर? ती चाळीसला खोकती.”

मी तो घोट गिळला. लक्षात ठेवा, एकदा गिळला.

“आणि हा लाल ठिपका बघ,” मी पुढं सरकले. “गाडीला हिसका बसला की हा हलतो. हा बेडकासारखा उड्या का मारतोय? खड्डे हायत व्हय तुझ्या ट्रॅकवर?”

“ट्रॅकवर एक खड्डा नसतो, आत्या. आरशासारखा असतो.”

“मग तू चालवतीस कशी? आणि हितं बघ, गाडी वीस अंश कलंडली!”

ऋतुजानं कपाळावर हात मारला. “मोटार वीस अंश कलंडली तर दोन चाकं हवेत जातील! मी काय सर्कशीत होते?”

“तेच विचारतेय! अशी बेशिस्त बाई मी जन्मात बघितली न्हाय. खड्ड्यातनं उडवती, वळणावर आडवी होती, मधीच बारा मिनिटं गप्पा मारत उभी राहती. हिच्या हातात किल्ली दिली कुणी?”

हे शेवटचं वाक्य मी उभं राहून बोलले. हात कमरेवर. समोरच्या ओळीतले झाडू थांबले.

मला शंका कशी आली नाही म्हणता? अहो, शंका संगणकाला आली होती! लाल चौकट आली, व्हिडिओची आणि आकड्यांची वेळ जुळत नाही म्हणून. मी म्हटलं, तुला काय कळतंय रे? गुरुजींचा मुहूर्त आणि कॅमेऱ्याचं घड्याळ कुठल्या लग्नात जुळलंय? चौकट बंद केली, आणि गाडी जिथं हलली तिथं काटा ओढून बसवला. पहिल्या क्षणाला अगदी तंतोतंत! डबीत दोन-चार फायली होत्या, त्यातली सगळ्यात ताजी घेतली. मेथी घेताना नाही का आपण ताजी जुडी बघत?

ऋतुजा स्क्रीनजवळ आली. “आत्या, हा कोपऱ्यात गुलाब कशाला?”

“शोभेला.”

“शर्यतीच्या व्हिडिओत?”

“अगं, तिथं ट्रॅकचा नकाशा येत होता. ट्रॅक असतो गोल, आणि हा नकाशा बिघडलेला, नुसती लांबडी वाकडी रेघ. बरं दिसेना, म्हणून वर गुलाब ठेवला.”

ऋतुजानं गुलाबावर बोट ठेवलं आणि गुलाब पुसला. रेघ उघडी पडली. तिनं नकाशा मोठा केला.

“महेश, हे आपलं गेट न्हाय का?”

महेशची भाकरी हातातच राहिली. रेघ आमच्या गेटातून निघाली होती. गल्लीतून वळून विजापूर रोडला लागली, गावाची हद्द ओलांडून पुढच्या पुलावरून उतरली आणि भज्यांच्या गाड्यापाशी थांबली. बारा मिनिटं.

मी गुलाब परत ठेवायला माऊसकडं हात नेला.

आता तुम्हाला खरं सांगते. आदल्या दिवशी दसरा. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, आणि आमच्या घरची हत्यारं म्हणजे माझा संगणक, ऋतुजाचं हेल्मेट, कॅमेरा, डबी आणि माझी स्कूटर. सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, स्कूटरला झेंडूचा हार घातला. डबीला खालून लोहचुंबक आहे, ती हाराखाली स्कूटरच्या पत्र्याला टपकन चिकटली. मी म्हटलं, राहू दे, तेवढाच तिलाही मान.

संध्याकाळी ही दोघं सोनं द्यायला महेशच्या साहेबांकडं गेली. माझे गुडघे दुखत होते. म्हणजे, दुखत असल्याचं मी सांगितलं होतं. दुसरी किल्ली हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात असते.

पूजेला चाकाखाली लिंबू ठेवतात की नाही? मग गाडी लिंबावरून न्यायला नको? मी फक्त लिंबावरून नेली. पण लिंबू फुटल्यावर लक्षात आलं, आज सीमोल्लंघन! सगळ्या गावानं वेस ओलांडायची आणि माझ्या स्कूटरनं तेवढी गेटात सडायचं? म्हणून गावाच्या हद्दीपर्यंत. हद्दीपलीकडं भजी तळायला टाकली होती, ती माझी चूक आहे का? आल्यावर डबी काढून मुकाट्यानं जागेवर ठेवली. ती हलली की आपोआप टिपायला लागते, हे मला कुणी सांगितलं होतं?

ऋतुजानं डबी उचलली. फटीत झेंडूची पाकळी अडकली होती आणि वर कुंकवाचं बोट. तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या शिव्या खाल्लेली सून! हिनं आता मला सोलून काढायला हवं होतं.

पण पोरगी गुणाची. डबी पदराआड केल्यासारखी ओढणीत गुंडाळली आणि म्हणाली, “डबीच बिघडलीय. पूजेचं पाणी गेलं असंल आत. मी माझी रविवारची फाईल शोधते, विषय संपला.”

महेश मात्र नकाशाकडं बघत होता. विम्याचा माणूस! “रेघ घरातनं निघालीय, म्हणजे एकच गाडी असू शकती. आई?”

मी छताकडं बघितलं. पंखा किती मळला होता! माझी निळी स्कूटर डोळ्यांपुढं आली, भंगारवाल्याच्या टेम्पोत, चाकं वर.

आणि देव धावला बघा. महेश स्वतःशीच हसला. “छे! हितं त्रेसष्ट दाखवतंय. ते खटारं चाळीसच्या वर गेलं तर मी मिशी उतरवीन. डबीच बिघडलीय. आई, उगीच तुझ्यावर संशय घेतला.”

झालं! सुटले! गप्प बसायचं, एवढंच काम होतं. ऋतुजा मागून माझी पाठ दाबत होती, गप्प बसा, आत्या, गप्प बसा. समोरच्या बायकासुद्धा झाडू आवरून आत निघाल्या होत्या. तोंड मिटून फक्त चहा ठेवायला आत जायचं होतं.

पण खटारं?

“खटारं कुणाला म्हणतोस रे? पुलाच्या उतारावर त्रेसष्ट घेतलंय मी तिला, तेही मांडीवर भज्यांची पुडी ठेवून; काढ वस्तरा!”