नऊ मुजऱ्यांचे पंधरा टक्के

संस्थान खालसा झालं आणि दरबारची फौज हिंदी सेनेत विलीन झाली तेव्हा माझी मान आधीच बिघडलेली होती. दसऱ्याच्या संचलनात मी तोफेच्या गाड्यावरून पडलो होतो. त्यात शौर्य काही नव्हतं, खेचर बुजलं होतं. विलीनीकरणात माणसं, घोडे, पातेली, सगळ्यांची तपासणी झाली. मी नापास झालो आणि किती टक्के अपंग हे ठरवायला डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभा राहिलो. वीस टक्क्यांखाली पेन्शन नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बोर्डानं लिहिलं, पंधरा.

चूक माझी. वर्दी जमा केलेली, डोक्यावर पगडी. म्हणजे सलाम नाही, मुजरा. टेबलामागे तीन साहेब, प्रत्येकाला तीन, असा मी एकूण नऊ वेळा जमिनीपर्यंत वाकलो. नंतर चार दिवस अंथरुणात होतो, पण ते कागदावर नव्हतं. कागदावर होतं, ‘नऊ वेळा वाकला. कंबर व मान सहज वाकते.’

मी अपील केलं. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन रोज सकाळी मान किती वळते ते मोजून वहीत लिहू लागलो. बायको दोरा धरायची. डावीकडे वीस अंश, उजवीकडे पस्तीस. एक दिवस चाळीस भरले, तेही लिहिले.

“अहो, चाळीस कशाला लिहिता?”

“भरले ना.”

“खेचर बरं होतं तुमच्यापेक्षा. नुसतं बुजलं.”

अपिलाच्या तारखेला वही घेऊन निघताना तिनं बजावलं, “खांबासारखं उभं राहायचं. वाकलात तर घरी येऊ नका.”

इंदरगंजातल्या घरापासून कंपूतल्या बोर्डाच्या कचेरीपर्यंत टांग्यानं मानेचे उरलेसुरले मणकेही मोजून घेतले. अपिलाचे डॉक्टर नवे, वयस्कर. मी खांबासारखा उभा राहिलो. त्यांनी जुना कागद वाचला.

“पिछली बार नौ बार झुके थे। आज इतनी अकड़?”

मी मुजऱ्याचा सगळा हिशेब सांगितला.

“अच्छा, एक करके दिखाओ।”

हुकूम तो हुकूम. मी वाकलो, हात जमिनीला लागला आणि मान तिथेच अडकली. वर येता येईना. समोर साहेबांचे बूट होते. डाव्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, तेवढं सांगितलं. दोन अर्दलींनी मला उचलून सरळ केलं. मग साहेबांनी माझी वही उघडली.

“ये चालीस वाला दिन?”

“उस दिन मालिश हुई थी, साब।”

“ये आदमी ईमानदार है या बेवकूफ?”

“दोनों, साब,” मला धरून उभा असलेला अर्दली म्हणाला.

महिन्यानं कागद आला, तीस टक्के. बायकोनं देवापुढे साखर ठेवली. मी वही काढून पुन्हा हिशेब केला.

“माझ्या मापानं सत्तावीसच होतात.”

“मग करा अजून एक अपील,” ती म्हणाली आणि कोनमापक उचलून मुलीच्या पेटीत ठेवून आली.