ओळखीचा वेग

रत्नागिरीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे काका वेगाच्या प्रत्येक चाचणीआधी कॅशे, म्हणजे सर्व्हर नुकतं वाचलेलं हाताशी ठेवतो ती जागा, रिकामी करत. आधी ती किती भरलीय ते बघत, मग कमांड देऊन आकडा खाली येईपर्यंत चष्मा पुसत बसत. मी घाई केली की म्हणत, "एकदा वाचलेलं मेल्याच्या लक्षात राहतं गो, म्हणून दुसऱ्यांदा धावतो. तो खरा वेग नव्हे."

ऑफिस पुण्याला हललं. काका येणार नव्हते. जुना सर्व्हर बंद करायच्या दिवशी त्यांनी शेवटची चाचणी लावली, ती कॅशे तशीच ठेवून. उत्तर क्षणात आलं. "काका, कॅशे राहिली," मी म्हटलं.

"असू दे गो," ते म्हणाले. "आज जाऊ दे त्याला ओळखीच्या वाटेनं."

पुण्यात मीही आधी कॅशे रिकामी करते. आकडा खाली येईपर्यंत शेजारी कुणी चष्मा पुसत नसतं.