न भिजवलेल्या चादरी

बाळांनो, तुम्ही विमानतळाकडे निघालात आणि मी तुमच्या चादरी काढल्या. पांढऱ्या वेगळ्या, रंगीत वेगळ्या. पण भिजवायला हात होईना. माणूस प्रवासात असताना त्याचं अंथरूण धुऊ नये, असं माझी आई म्हणायची.

आजोबा हसले, "इंग्रजी शाळेत हेच शिकलीस का गं?"

मी रिकामी बादली नुसतीच इकडून तिकडे सरकवत राहिले. मळाबरोबर आणखी काय वाहून जातं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "आजी, पोहोचलो! आता धू चादरी!" म्हणजे आजोबांनी चहाडी केलीच होती.

"उद्या धुते," मी म्हटलं. "आज ऊन कुठंय?"

गच्चीतल्या रिकाम्या दोरीवर तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं.