शिवणीच्या आतले कापड

गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच त्याचे माप नुसत्या नजरेने सांगावे, अशी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची ख्याती होती. एकुलत्या एका लेकीचे माप मात्र त्यांनी कधी तोंडातून काढले नाही. तिचा ड्रेस घट्ट होऊ लागला की धुण्याच्या निमित्ताने तो नेत, बाजूच्या शिवणी उसवीत, आत राखलेले जादा कापड सोडीत आणि इस्त्री करून मुकाट्याने कपाटात ठेवीत. पोरीचे मन दुखू नये, एवढाच हेतू. हेतू निर्मळ होता आणि हात त्याहून सफाईदार.

परिणामी, एकोणिसाव्या वर्षी पाळी महिनोन्‌महिने येईना आणि हनुवटीवर राठ केस दिसू लागले, तेव्हा लेक डॉक्टरीणबाईंना ठासून म्हणाली, "वजन? छे! शाळेतला ड्रेस अजून येतो मला."

वजनकाट्याला शिवणकाम येत नव्हते. त्यावरचा आकडा लेकीला दुसऱ्याच कुणाचा वाटला. तिने आईकडे पाहिले, आईने छताकडे.

"उसवलास ना?"

"कापड होतं गं शिल्लक," आई पुटपुटली.

तपासण्या झाल्या आणि दुखण्याला नाव मिळाले: पीसीओएस.

"गाठी म्हणतात, पण त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या," डॉक्टरीणबाईंनी समजावले. "हार्मोन्सचा तोल गेला की असं होतं. बारीक मुलींनाही होतं. यात तुझा दोष नाही. मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतं. चालणं, जेवण, गोळ्या, साखरेची तपासणी. पाळी फार लांबू द्यायची नाही, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं."

अस्तराचे आईला तत्काळ पटले. "पण मूल?"

"बहुतेकींना होतं, कधी औषधाची मदत लागते. आज मात्र हिच्या तब्येतीचं बोलू."

परतताना आई कुजबुजली, "मावशीला सांगू नकोस हं. बोभाटा होईल."

"म्हणजे हेही आत दुमडायचं? घर नि शिवणकाम एकाच खोलीत, गोळ्या लपवून घेऊ तरी कशा? चुकतीलच."

आईने गोळ्यांची पुडी पिशवीच्या तळाशी सारली.

पुढच्याच आठवड्यात मावशी ड्रेसच्या मापासाठी आरशापुढे उभी होती. आईच्या ओठांत टाचण्या होत्या. कोपऱ्यात लेक पाण्याचा पेला घेऊन, मूठ मिटून उभी.

"पोरगी चांगलीच सुटलीय गं! लग्न उरकून टाक, सगळं जागेवर येतं."

अशा प्रसंगी टाचण्या फार सोयीच्या. बोलावे लागत नाही. लेकीने मूठ आणखी घट्ट केली. आईने मात्र एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली.

"तिला पीसीओएस आहे, ताई. लग्न हे त्यावरचं औषध नाही. तिच्या हातात आहे ते औषध. आणि हलू नकोस. तुझ्याही बाजू मी तीनदा उसवल्यात. तुला तरी कुठे कळलं?"

मावशीने पोट आत ओढून आरशात पाहिले. लेकीने मूठ उघडली आणि सर्वांदेखत गोळी गिळली.